नीळ बुडाली, छापखाना जळाला : विल्यम केरी यांची कहाणी

सह्याद्रीच्या रानात कुंभा नावाचं झाड आहे. गुराख्यांना ते चांगलं ठाऊक असतं. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला मोठी, मांसल, पांढरी फुलं येतात आणि मध्ये गुलाबी केसरांचा झुपका असतो. याची साल वाखासारखी निघते. तोड्याच्या बंदुकांच्या काळात ती वात म्हणून वापरली जाई. शास्त्रीय पुस्तकात या झाडाचं नाव केरिया आर्बोरिया असं आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. विल्यम रॉक्सबर्ग यांनी ते आपल्या एका मित्राच्या नावावरून ठेवलं. तो मित्र म्हणजे विल्यम केरी.

केरी हे मिशनरी होते. हिंदुस्थानात ते लोकांना ख्रिस्ती करावं म्हणूनच आले होते, हे लपवायचं कारण नाही. कुणाला ते पटेल, कुणाला पटणार नाही. पण ग्रामीण पानावर त्यांची आठवण काढायला दोन कारणं आहेत. एक म्हणजे १४ सप्टेंबर १८२० रोजी कलकत्त्यात स्थापन झालेली कृषी व उद्यानविद्या संस्था त्यांच्या खटपटीतून उभी राहिली. दुसरं कारण आपल्या जवळचं आहे. पीक बुडालं, कर्ज झालं, घरात आजारपण आलं की माणूस कसा खचतो, ते आपण गावोगाव पाहतो. केरींचं पीक बुडालं, मूल गेलं, बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि आयुष्याची मेहनत एका रात्रीत जळाली. तरी हा माणूस दरवेळी पुन्हा कामाला लागला. तो कशाच्या आधारावर, हे जाणून घेण्यासारखं आहे.

खोट्या शिलिंगची गोष्ट

१७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडच्या नॉर्थहॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी या खेड्यात विल्यमचा जन्म झाला. वडील एडमंड हातमागावर कापड विणत, पुढे ते गावच्या शाळेत मास्तर झाले. पोराला झाडापेडांचा, किड्या-पाखरांचा भारी नाद. त्याला शेतकामालाच लावलं असतं, पण कातडीचा असा विकार होता की ऊन सोसत नसे. म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला पिडिंग्टन गावी एका जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं.

तिथे एक प्रकार घडला. केरींनी तो पुढे स्वतःच लिहून ठेवला, म्हणून आपल्याला कळला. आपल्याकडे दिवाळीत पोस्त देतात, तशी तिकडे नाताळात शिकाऊ पोरांना व्यापारी लोक बक्षिसी देत. मालकाच्या कामासाठी विल्यम बाजारात गेला होता. एका लोखंडसामानाच्या दुकानदाराने त्याला सहा पेन्स आणि एक शिलिंग अशी दोन नाणी दाखवून हवं ते उचल म्हटलं. पोराने अर्थातच शिलिंग उचललं. पुढे दुसऱ्या दुकानात स्वतःसाठी काही घेताना कळलं की नाणं पितळेचं, खोटं आहे. त्याने ते मालकाच्या पैशात मिसळलं, मालकाचं खरं शिलिंग खर्चून टाकलं, आणि खोटं नाणं मालकाच्याच पैशातलं निघालं असं सांगायचं ठरवलं. वाटेत त्याने देवाची करुणा भाकली. एवढ्या वेळी चोरी पचू दे, पुन्हा असं करणार नाही, असा तो एक प्रकारचा नवसच होता.

नवस फळला नाही. मालकाला संशय आला, त्याने चौकशी केली, दुकानदाराने खोटं नाणं आपणच दिल्याचं कबूल केलं आणि चोरी उघडी पडली. पोराला इतकी लाज वाटली की कितीतरी दिवस तो घराबाहेर पडेना. गावातला प्रत्येक माणूस आपल्याकडे बोट दाखवतो आहे असं त्याला वाटे. देवळात जाणंही नकोसं झालं.

एका शिलिंगची ती चोरी. आजच्या व्यवहारात कुणी दखलही घेणार नाही. पण केरींच्या आयुष्याचं वळण इथेच आहे. तोवर तो स्वतःला इतरांपेक्षा हुशार समजत असे. धर्माच्या वादात बरोबरच्या कारागिराला गप्प करायचा. जॉन वॉर नावाचा तो सोबती सरकारी चर्चपासून वेगळ्या राहिलेल्या पंथाचा होता. तो विल्यमला पुस्तकं द्यायचा आणि साध्या प्रार्थनासभेला घेऊन जायचा. देवाशी सौदा करता येत नाही. आपण चुकलो हे कबूल करायचं, आणि ख्रिस्ताने आपल्यासाठी जीव दिला म्हणून क्षमा मिळते हे मानायचं. ख्रिस्ती धर्माचं हे मूळ सूत्र त्या पोराला पोथीतून उमगलं नाही, भरबाजारात झालेल्या फजितीतून उमगलं. १७७९ च्या सुमारास तो त्या पंथाच्या मंडळींत सामील झाला. १७८३ साली नेन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला.

यापुढचा इंग्लंडमधला काळ थोडक्यात सांगतो. १७८१ साली डोरोथी प्लॅकेट या मुलीशी लग्न झालं. ती त्याच्याहून वयाने मोठी, निरक्षर. चर्चच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली केली. पहिली मुलगी अ‍ॅन लहानपणीच तापाने गेली. त्याच तापात केरींचे केस गेले ते कायमचे. जोड्यांचा धंदा कधी नीट चालला नाही. शाळा काढली, तीही चालली नाही. धर्मोपदेशक व्हायचं म्हणून ओल्नी येथील मंडळीपुढे प्रवचन केलं, तर त्यांनी पसंती लांबणीवर टाकली. मात्र ठोकाठोक करता करता समोर पुस्तक ठेवून हा माणूस लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. दूरच्या देशांत जाऊन धर्म सांगितला पाहिजे, असं त्याने १७९२ साली पुस्तक लिहून मांडलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी एका घरात जमलेल्या मूठभर लोकांनी मिशनरी सोसायटी काढली. वर्गणी कबूल झाली ती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स.

सुंदरबनापासून मदनावतीपर्यंत

जून १७९३ मध्ये केरी बायको-मुलांसह एका डॅनिश जहाजातून निघाले. डोरोथी मुळात यायला तयार नव्हती. कडेवर तान्हं मूल होतं, समुद्र तिने पाहिलेला नव्हता. जहाज लांबलं, त्या दिवसांत दोनदा घरी येऊन तिची समजूत काढली गेली. बहीण किटी सोबत येते म्हटल्यावर ती तयार झाली. केरींचे चरित्रकार हा प्रसंग बहुधा देवाची योजना म्हणून रंगवतात. मला मात्र वाटतं, त्या बाईला कुणी नीट विचारलंच नाही.

नोव्हेंबरात कलकत्ता गाठलं. सोबतचे डॉ. टॉमस मनाने चांगले, पण व्यवहाराला कच्चे, डोक्यावर जुनी देणी. विकून पोट भरायचं म्हणून आणलेला माल आणि पैसा काही आठवड्यांत संपला. सात-आठ माणसांचं बिऱ्हाड या जागेवरून त्या जागेवर फिरू लागलं. डोरोथी आणि मोठा मुलगा फेलिक्स आमांशाने अंथरुणाला खिळले. अखेर १७९४ च्या सुरुवातीला केरींनी सुंदरबनाच्या कडेला जमीन तोडून शेती करायचं ठरवलं. वाघ-मगरींचा तो मुलूख. मिठाच्या खात्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने कुटुंबाला आसरा दिला. केरी झोपडी बांधायला लागले. भाजीपाला, डाळ लावायचे बेत सुरू झाले.

इतक्यात माळद्याजवळ मदनावती येथे नीळ कारखान्याच्या व्यवस्थापकाची नोकरी चालून आली. मालक जॉर्ज उडनी हा कंपनी सरकारचा अधिकारी आणि भाविक ख्रिस्ती. पगार दरमहा २०० रुपये. आता पोटाची चिंता मिटली असं वाटलं.

नीळ हे पीक आपल्याकडे आता कुणी घेत नाही, म्हणून थोडं सांगतो. बंगालात नदीकाठच्या खोलगट जमिनीत ते पेरत. झाड कापून पेंढ्या हौदात दाबून पाण्याखाली ठेवायच्या. दहा-बारा तासांत ते आंबलं की पाणी खालच्या हौदात सोडायचं आणि मजुरांनी वल्ह्यांसारख्या फळ्यांनी ते सतत झोडपायचं. हवा लागली की निळा गाळ तळाशी बसतो. तो उकळून, दाबून, वड्या पाडून सावलीत वाळवायचा. कापणी आणि हौदाचं काम वर्षातून काही महिनेच असे. बाकी वेळ केरींना बंगाली आणि संस्कृत शिकायला, बायबलचं भाषांतर करायला मिळे. पण मेख कापणीच्या वेळेत होती. नदीला पूर आठ दिवस अलीकडे आला तर उभं पीक पाण्याखाली जाई, आणि मदनावतीला तेच पुन्हा पुन्हा झालं. (याच निळीपायी पुढे बंगालच्या रयतेचे हाल झाले आणि १८५९ साली उठाव झाला. केरींनी त्याच धंद्यातला पगार खाल्ला, हीही नोंद ठेवली पाहिजे.)

१७९४ च्या पावसाळ्यानंतर तापाची साथ आली. केरी स्वतः मरता मरता वाचले. पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. त्याला पुरायला माणूस मिळेना. परक्याच्या प्रेताला हात लावला तर जात जाईल, या भीतीने कुणी पेटी करीना, कुणी खड्डा खणीना. शेवटी चार मुसलमान मजूर खणायला तयार झाले. प्रेत उचलायला तर त्याहून अडचण. आईबापांनीच ते न्यावं, इथवर वेळ आली. नंतर खणणाऱ्यांना गावाने वाळीत टाकलं. ज्या माणसाने आदल्याच दिवशी लेकरू मातीआड केलं, त्याला गावच्या प्रमुखांना बोलावून तो बहिष्कार उठवायची खटपट करावी लागली.

डोरोथीचं मन यातून सावरलं नाही. पुढच्या वर्षापासून तिला भ्रम होऊ लागले. नवरा बदफैली आहे असा संशय घेऊन ती चारचौघांत शिव्याशाप देई. अंगावर धावूनही जाई. त्या काळी यावर औषध नव्हतं. वेड्यांच्या इस्पितळात ठेवा, असं हितचिंतक सुचवत. ती इस्पितळं कशी असत हे ठाऊक असल्याने केरी कबूल झाले नाहीत. डिसेंबर १८०७ मध्ये ती वारली तोवर बारा वर्षं त्यांनी तिला घरातच ठेवलं. अखेरच्या काळात तिला एका खोलीत कोंडून ठेवावं लागे, आणि शेजारच्या खोलीत केरी शब्दांची जुळवाजुळव करत बसत.

ज्या कामासाठी आले, त्याचं काय? आसपासच्या दोनेकशे गावांत ते पायी आणि होडीने फिरले. सात वर्षांत एकही बंगाली माणूस ख्रिस्ती झाला नाही. कलकत्त्याहून लाकडी छापयंत्र आणलं, तर बघायला आलेल्या लोकांना वाटलं, हा साहेबाचा देव असावा. मायदेशातून पत्रं यायची तीही बोचरी. मिशनरी नोकरी का करतो, धंद्यात का पडतो, अशी विचारणा असे.

या वर्षांतली केरींची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात मोठ्या माणसाचा थाट नाही. आपण नालायक आहोत, आळशी आहोत, प्रार्थनेत मन लागत नाही, बोलायला जवळ एकही मित्र नाही, अशा तक्रारी पानोपानी आहेत. चिडचिड आहे, निराशा आहे. आणि मग दोन-चार दिवसांनी बायबलमधल्या स्तोत्रांचा आधार घेऊन पुन्हा कामाची नोंद आहे. इतकी पानं भाषांतर झाली, इतक्या गावांना गेलो. शिलिंगच्या वेळी त्यांनी देवाकडे सुटका मागितली होती. मदनावतीत मागणं बदललेलं दिसतं. पाऊस थांबव, पीक वाचव, असला नवस नाही. आपण क्षमा झालेले अपराधी आहोत, आपल्याला हक्काने काही मागता येत नाही, पण टाकूनही दिलं जाणार नाही, एवढ्या भरवशावर ते सकाळी उठत. पहाटे बागेत एकट्याने प्रार्थना करायची सवय याच सुमारास पक्की झाली. इंग्लंडला लिहिलेल्या पत्रात विळे, कोयते, नांगराचं सामान आणि दरवर्षी भाज्या-फुलांचं, फळझाडांचं बी पाठवा, अशी मागणी असे. पोट भरण्यापुरतीच नजर असती तर त्या दिवसांत बियाणं कुणाला सुचलं असतं?

१७९९ साली उडनींनी मदनावतीचा कारखाना बंद केला. केरींनी जवळच खिदिरपूर इथे पदरचे पैसे घालून छोटा नीळ कारखाना घेतला होता. तोही सोडावा लागला आणि पैसे बुडाले.

श्रीरामपूर

कंपनी सरकारला मिशनरी नको होते. म्हणून नव्याने आलेले मार्शमन आणि वॉर्ड हे सोबती हुगळीकाठी श्रीरामपूरला उतरले. हे श्रीरामपूर म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे. ती त्या वेळी डेन्मार्कच्या राजाची वसाहत होती. इंग्रजांनी ती १८४५ साली विकत घेतली. १० जानेवारी १८०० रोजी केरी तिथे पोचले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला कृष्ण पाल नावाच्या सुताराने हुगळीत बाप्तिस्मा घेतला. त्याचा खांदा निखळला होता, तो डॉ. टॉमस यांनी बसवून दिला होता. सात वर्षांनी पहिला माणूस. त्या आनंदाचा झटका टॉमस यांना सोसवला नाही, त्यांच्याच डोक्यावर परिणाम झाला आणि पुढच्या वर्षी ते वारले.

तिघा मित्रांनी एकत्र कुटुंबासारखा संसार केला. मिळकत एका पेटीत, घरखर्चापुरतं प्रत्येकाला. मार्शमन पती-पत्नी शाळा चालवत, वॉर्ड छापखाना बघत. १८०१ पासून केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवू लागले. पुढे संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आली. पगार दरमहा ५०० रुपये होता, तो पुढे १००० झाला. जवळजवळ सगळा मिशनच्या पेटीत जाई.

मराठीचं काम इथे झालं. केरी महाराष्ट्रात कधी आले नाहीत. त्यांच्या हाताशी वैजनाथ नावाचे मराठी पंडित होते. त्यांच्या मदतीने १८०५ साली मराठी भाषेचं व्याकरण छापून निघालं, १८१० साली शब्दकोश. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत, कारण तेव्हा कारभाराची लिपी तीच. १८११ साली बायबलचा नवा करार मराठीत आला. सिंहासनबत्तिशी आणि हितोपदेश ही पुस्तकंही वैजनाथ पंडितांकडून मराठीत करवून तिथेच छापली. ही भाषा आज वाचताना अडखळायला होतं. पण मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, हे ध्यानात घेतलं तर त्याच्या वीस वर्षं आधी बंगालात बसून हा उद्योग चालला होता, याचं नवल वाटतं. वैजनाथांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

११ मार्च १८१२ ची रात्र

बुधवार होता. केरी कॉलेजच्या कामासाठी कलकत्त्याला होते. संध्याकाळी छापखान्याच्या कागदाच्या कोठारातून धूर येताना वॉर्ड यांना दिसला. त्यांनी दारं-खिडक्या बंद करवल्या आणि छताला भोक पाडून पाणी ओतायला सुरुवात केली. आग दबत आली होती. तेवढ्यात कुणीतरी खिडकी उघडली, वारा शिरला, आणि इमारत पेटली. मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळलं. गंजीला आग लागल्यावर काय होतं ते पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. आग कशाने लागली हे कधीच कळलं नाही.

शेकडो रीम कागद गेला. अनेक पौर्वात्य भाषांचे टाइप वितळले. नुकसानीचा अंदाज साठ-सत्तर हजार रुपये होता. पण पैशाने न भरणारं नुकसान हस्तलिखितांचं होतं. संस्कृतातून निघालेल्या भाषांचा एक मोठा बहुभाषी शब्दकोश केरी वर्षानुवर्षं जमवत होते, तो गेला. पंजाबी आणि तेलुगू व्याकरणांच्या प्रती गेल्या. भाषांतराचे गठ्ठे गेले, आणि रामायणाच्या इंग्रजी भाषांतराचा काही भागही. (मिशनरी असून हे गृहस्थ रामायण छापत होते.)

सकाळी मार्शमन यांनी कलकत्त्याला जाऊन बातमी सांगितली. केरी काही वेळ बोलू शकले नाहीत, डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी ते श्रीरामपूरला आले आणि राखेतून फिरले. त्यानंतर मित्रांना लिहिलेल्या पत्रांत नशिबाला दोष नाही, कामगारांवर राग नाही. आपल्याला आपल्या विद्वत्तेचा, कामाच्या पसाऱ्याचा अभिमान झाला होता, देवाने आपल्याला खाली बसवलं ते त्याच्याकडे नीट बघता यावं म्हणून, असा त्या पत्रांचा आशय आहे. एकदा तुडवलेली वाट दुसऱ्यांदा चालायला सोपी जाते, असंही ते म्हणत. मला यात महत्त्वाचं हे वाटतं, की त्यांनी शांत होण्यासाठी काम थांबवलं नाही. शांत झाले आणि कामाला लागले, की कामाला लागले आणि शांत झाले, हे सांगणं कठीण आहे.

ढिगारा उपसताना टाइप पाडायचे पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले. वितळलेल्या शिशाच्या लाद्या मातीखालून निघाल्या. छापयंत्रं दुसऱ्या भागात होती, ती वाचली होती. पंचानन कर्मकार या नामांकित कारागिराचा जावई मनोहर आणि त्याचे सोबती पाळ्या लावून रात्रंदिवस टाइप ओतू लागले. काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. बातमी इंग्लंडला पोचली तेव्हा दोन महिन्यांत सुमारे दहा हजार पौंड वर्गणी जमली. पंजाबी व्याकरण त्याच वर्षी निघालं, तेलुगू १८१४ साली. बहुभाषी कोश मात्र पुन्हा उभा राहिला नाही. सगळंच परत मिळालं अशी समजूत करून घ्यायला नको.

शेतीचं काम

श्रीरामपूरला केरींनी पाच एकरांत बाग केली होती. झाडं लिनियसच्या वर्गीकरणाप्रमाणे ओळीने लावलेली. माळ्यांना लॅटिन नावं पाठ. रॉक्सबर्ग आजारी होऊन मायदेशी गेले तेव्हा कलकत्त्याच्या उद्यानातील वनस्पतींची यादी केरींनी १८१४ साली छापून काढली. रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर त्यांचा हिंदुस्थानी वनस्पतींवरचा ग्रंथही संपादून छापला.

दिनाजपूर भागातल्या शेतीवर त्यांनी एक लेख लिहिला आहे. मदनावतीच्या वर्षांत हौदावर उभं राहून जे पाहिलं, ते त्यात उतरलं. रयत कष्टाळू आहे, पण औजार हलकं, बी निवडलेलं नाही, खत जळणात जातं, फेरपालट नाही, पडीक जमीन तशीच पडलेली. आम्ही विस्तार कार्यकर्ते आजही बैठकांतून याहून फार निराळं सांगत नाही.

१८२० साली त्यांनी कृषी संस्थेचं आवाहनपत्रक काढलं आणि जमीन, खत, पिकं, फळझाडं, इमारती लाकूड यांबद्दल प्रश्नावली वाटली. पहिल्या सभेला हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच युरोपियन आले. तरी संस्था त्याच दिवशी स्थापन केली. एतद्देशीय लोकांनाही सभासद आणि पदाधिकारी होता यावं, असा त्यांचा आग्रह होता. इंग्लंडची रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटी निघाली १८३८ साली, म्हणजे कलकत्त्याची संस्था अठरा वर्षांनी थोरली. कलकत्त्यात अलीपूरला ती अजून आहे. वाळवी न लागणारा कागद करण्याचा उद्योगही श्रीरामपूरलाच झाला आणि त्यासाठी १८२० साली वाफेचं इंजिन आणलं गेलं.

या सगळ्या व्यापात पोरं दुर्लक्षित झाली. आई आजारी, बाप भाषांतरात. फेलिक्स आणि विल्यम ही दोन मोठी मुलं उनाड झाली होती. त्यांना वॉर्ड आणि हाना मार्शमन यांनी वळण लावलं. फेलिक्स पुढे ब्रह्मदेशात मिशनरी झाला आणि मग मिशन सोडून तिथल्या राजाच्या दरबारात शिरला. बापाला ते फार लागलं, आपला मुलगा वकील होऊन खुजा झाला असं त्याला वाटलं. १८१४ साली इरावती नदीत फेलिक्सची नाव उलटली. डोळ्यांदेखत बायको आणि मुलं बुडाली. त्यानंतर तो वर्षानुवर्षं पूर्वेकडच्या मुलखात वेड्यासारखा भटकला. १८१८ मध्ये वॉर्ड यांनी त्याला परत आणलं. बापाने दार उघडं ठेवलं होतं. अखेरची चार वर्षं फेलिक्स श्रीरामपूरलाच होता. शरीरशास्त्रावर त्याने बंगालीत मोठं पुस्तक लिहिलं. १८२२ साली तो गेला.

१८२३ च्या ऑक्टोबरात केरी होडीतून उतरताना पडले, मांडीचा सांधा दुखावला आणि ते महिनोन्‌महिने कुबड्यांवर होते. त्याच दिवसांत दामोदर नदीचं पाणी फुटून श्रीरामपुरात शिरलं. बाग पाण्याखाली गेली. नदीने काठ कापला म्हणून घर सोडावं लागलं. बासष्टाव्या वर्षी अंथरुणातून त्यांनी पुन्हा रोपांची यादी करायला घेतली.

इंग्लंडहून आलेल्या बियाण्याच्या पिशव्या ते रिकाम्या झाल्यावर सावलीच्या जागी झटकत. अशाच एका पिशवीच्या मातीतून एकदा डेझी उगवली. ते तिकडचं गवतातलं साधं फूल, आपल्या एकदांडीसारखं. तीस वर्षांनी ते पाहून म्हाताऱ्याला लहान पोरासारखा आनंद झाला. बंगालच्या हवेत ती टिकेना, म्हणून दरवर्षी बी धरून ती नव्याने लावली जाई.

शेवटी शेवटी चालता येईना, तेव्हा ते चाकाच्या खुर्चीवर बागेत येत. तेही बंद झालं, तेव्हा माळी खोलीत येऊन कुठे काय फुललं ते सांगे. आपण गेल्यावर मार्शमन या बागेत गाई सोडणार, अशी त्यांना काळजी होती, आणि ती ते मार्शमन यांच्या देखतच बोलून दाखवत. ९ जून १८३४ रोजी ते वारले. थडग्यावर स्तुती लिहायची नाही, जन्म-मृत्यूची तारीख आणि आपण देवाच्या आधाराला आलेला दुबळा जीव आहोत अशा अर्थाची भजनातली ओळ एवढंच कोरायचं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मृत्युपत्रात शंख-शिंपले, पोवळी, किड्यांचा संग्रह आणि वनस्पतींचं एक मोठं पुस्तक श्रीरामपूर कॉलेजला दिलं. इतर मुलांना जितकं दिलं तितकं जाबेझला देणं राहिलं होतं, ते १५०० रुपये उरलेली पुस्तकं विकून त्याला द्यावेत, असं त्यात लिहिलं होतं.